सोमवारचं स्वच्छ पाणी

दिंडोरीच्या पट्ट्यात चिंचदरा नावाचं गाव आहे. नकाशात शोधत बसू नका, उगाच डोळे दुखतील. पण ज्यांच्या घरात लग्नाचा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांना हे गाव बरोबर सापडतं, कारण तिथे रंगनाथ नाना राहतात.

नाना सोयरिकी जमवतात. तो त्यांचा धंदा नाही, खोड आहे. घरामागे टोमॅटोचा तुकडा, पलीकडे थोडी द्राक्षबाग आणि गोठ्यात गाई, हा सगळा प्रपंच लंकाबाईंच्या, म्हणजे बायकोच्या, अंगावर टाकून हा माणूस पांढरी टोपी घालतो आणि जुन्या स्कूटरवर बसून निफाडपासून पेठपर्यंत भटकत राहतो. बदल्यात मिळतं काय, तर लग्नात टोपी-उपरणं आणि पंगतीत मानाची जागा. टोप्यांनी लोखंडी कपाट भरलं आहे. लंकाबाई कपाट उघडलं की म्हणतात, "ह्यांच्यामागं मला काय काळजी नाय, टोप्यांचं दुकान टाकीन." नानांना त्याचं काही वाटत नाही. त्यांनी जमवलेली एकही सोयरीक आजवर मोडलेली नाही, आणि हे ते न विचारता, भेटेल त्याला सांगतात.

त्यामागची युक्तीही त्यांनी कधी लपवली नाही. नाना कुणाकडे गेले की बैठकीत ऐसपैस बसतात, पावसापाण्याचं बोलतात, आणि चहा झाला की उठून म्हणतात, "जरा पाय धुतो." पाय धुवायला माणूस मागच्या अंगणात जातो. बैठक पाहुण्यांसाठी आवरलेली असते, मागचं अंगण कोण आवरतो? खरकटी भांडी, म्हाताऱ्याची खाट, सुनेचा चेहरा, गाईची वैरण, सगळं तिथे उघडं पडलेलं असतं. पाय वाळेपर्यंत नानांचा निकाल लागलेला असतो.

असा माणूस किडींच्या मागे कसा लागला, त्याची गोष्ट अशी.

त्या वर्षी दिंडोरी-निफाडकडच्या टोमॅटोवाल्या काही गावांनी मिळून एक पाहणी सुरू केली. बाहेरदेशातून आलेला एक बारीक राखाडी पतंग आता आपल्याही भागाकडे सरकतोय, असं कृषी खात्याच्या साधना मॅडमनी देवळातल्या सभेत सांगितलं. त्याची अळी पानाच्या आत शिरते, पान पोखरते आणि मग फळात घुसते. तो एका शेतात आहे तोवर चार माणसं मिळून त्याला आवरतील. पण शिवारभर पसरला की मग कुणाच्या बापाच्याने आवरत नाही. म्हणून शेतोशेती सापळे लावायचे, गावातल्या एकाने दर सोमवारी फिरून ते बघायचे आणि फोटो सगळ्या गावांच्या ग्रुपवर टाकायचे. दिसला तर त्याच दिवशी कळवायचं, म्हणजे आजूबाजूची गावंही आपापली शेतं तपासतील.

"पण फिरणार कोण?" हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी नानांकडे बघितलं. लोक बाहेरच्या माणसाला बांधावर उभं करत नाहीत, आणि कुत्री तर त्याहून करत नाहीत. नानांना मात्र चिंचदऱ्यातलं प्रत्येक कुत्रं शेपूट हलवून घरात घेतं.

मॅडमनी सापळा दाखवला. एक प्लॅस्टिकचं घमेलं, त्यात साबणाचं पाणी, आणि वर तारेला टांगलेली रबराची इवलीशी गोळी. त्या गोळीला मादीचा वास असतो. वासाने नर येतो आणि पाण्यात पडतो.

"म्हंजे नवरदेव स्थळ बघायला येतो आन् बुडतो?" नानांनी विचारलं.

"तसंच म्हणा," मॅडम हसल्या.

"मग हे माझंच काम हाय."

मागे बायकांत बसलेल्या लंकाबाई म्हणाल्या, "नवरदेव कुठला बुडतोय मॅडम, बुडते ती नवरी." सभा तिथेच संपली म्हणायची, कारण त्या हशात पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

नाना कामाला लागले. दर सोमवारी सकाळी टोपी चढवून ते शेतोशेती जात, चहा पीत, घमेल्यात वाकून बघत, फोटो काढत आणि ग्रुपवर टाकत: 'चिंचदरा, काही नाही.' पुढचा सोमवार, तसंच. त्याच्या पुढचा, तेच. इतर गावांच्या घमेल्यांत चिलटं, डास, पाचोळा, काहीबाही दिसायचं. चिंचदऱ्याचं पाणी निवळशंख. नाना मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "आमच्या गावची हवाच तशी हाय." स्वतःच्या घरामागचा सापळा तेवढा ते बघत नसत. तो लंकाबाईंकडे होता. "आपल्याकडं काय?" असं ते ओट्यावरूनच विचारत, आतून "काय नाय" असा आवाज येई, आणि तेच ग्रुपवर जाई.

एका सोमवारी जेवताना नाना पुन्हा गावच्या हवेचं कौतुक करू लागले. लंकाबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "कुणाच्याच घमेल्यात डास बी नाय?"

"नाय."

"चिलट?"

"नाय म्हणतो ना. आरशासारखं पाणी."

"आठ दिवस उघड्या रानात ठेवलेलं पाणी आरशासारखं. आन् तुम्हाला त्यात काय वाटलं नाय." लंकाबाईंनी तवा उतरवला. "अहो, सोमवारी तुम्ही येणार हे सगळ्या गावाला ठाव हाय. तुम्ही पोरगी बघायला जाता तवा लोक अंगण झाडत्यात का नाय? तसं तुम्ही यायच्या आधी घमेलं घासून ताजं पाणी भरत्यात. पाहुणा यायचा आन् घरात किडे, बरं दिसतं का ते?"

नानांचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"बायका बोलत्यात," असं म्हणून लंकाबाई गाईला वैरण टाकायला गेल्या. गाईला वैरण नुकतीच टाकून झाली होती, पण नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना आपल्या टोपीची लाज वाटत होती. ज्याने जन्मभर लोकांची मागची अंगणं बघितली, त्याला लोकांनी बैठकीत बसवून बनवलं होतं.

नवरात्र सुरू होतं. गुरुवारी नाना कुणाला न सांगता, टोपी घरी ठेवून निघाले. स्कूटरसुद्धा घेतली नाही, तिचा आवाज सगळा गाव ओळखतो. पहिलंच शेत सोमनाथचं लागलं. बांधावरून न जाता ते ओढ्याच्या अंगाने वर चढले, टोमॅटोच्या ओळीत शिरले आणि घमेल्यात वाकले.

पाणी गढूळ होतं. त्यावर चिलटं होती, पाचोळा होता, आणि मॅडमनी फोटोत दाखवले होते तसेच बारीक राखाडी पतंग तरंगत होते. नानांनी जवळचं पान उजेडाला धरलं. पानावर पांढरट फोड आल्यासारखा चट्टा होता आणि आत एक अळी निवांत जेवत होती.

नाना बांधावर बसले. हे दुसऱ्या कुणाच्या शेतात निघालं असतं तर त्यांनी ओरडून गाव गोळा केलं असतं. पण सोमनाथची मुलगी हर्षाली हिची सोयरीक नानांनीच जमवली होती. हर्षाली दिंडोरीजवळच्या एका वायनरीत नोकरी करायची. मुलगा योगेश, निफाडकडच्या साकोरवाडीच्या नाथाभाऊंचा. पोरगा-पोरगी एकमेकांना मनापासून आवडली होती. हर्षाली फोनवर बोलायला जांभळाखाली जायची आणि परत येताना गाल लाल करून यायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. आणि नाथाभाऊ म्हणजे असा टापटिपीचा माणूस, की त्यांच्या टोमॅटोचे बांबूसुद्धा दोरी धरून लावल्यासारखे उभे असतात. बोलणी करताना ते एवढंच म्हणाले होते, "आम्हाला देणंघेणं नको. माणसं स्वच्छ पायजेत आन् शेत स्वच्छ पायजे." साकोरवाडीही याच पाहणीत होती. फोटो टाकला की तो पहिला नाथाभाऊंच्याच फोनवर वाजणार होता.

तेवढ्यात सोमनाथ आला. नानांना बिनटोपीचं, घमेल्यापाशी बसलेलं बघून त्याचा चेहरा उतरला.

"नाना, तुम्ही सोमवारी येता ना?"

"म्हणून तर गुरुवारी आलो."

सोमनाथ शेजारी उकिडवा बसला. "साखरपुडा होऊ द्या. तवर थांबा. मग मीच टाकतो फोटो. आता टाकला तर नाथाभाऊ काय म्हणतील? ह्यांच्या शेतात आख्ख्या तालुक्यात पयली कीड निघाली, असली माणसं करायची का?"

थांबायला नानांनाही आवडलं असतं. पण शेजारचं शेत नुकतं फुलावर आलं होतं, त्याच्या पलीकडे आणखी शेतं होती, आणि पतंगाला साखरपुड्याचं काही देणंघेणं नव्हतं. दुसरीकडे हर्षाली. तिच्या बारशाला नानांनी पेढे वाटले होते. आयुष्यात पहिली सोयरीक मोडायची ती हीच का?

हर्षालीची त्या दिवशी सुट्टी होती. ती चहा घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून थबकली. वडील सांगेनात म्हणून नानांनीच सगळं सांगितलं. ती घमेल्यात वाकली, मग ओढणीचं टोक पिळू लागली.

"मोडली तर मी रडेन नाना. लय रडेन," ती म्हणाली. "पण फोटो टाका. एका पतंगानं मोडणारी सोयरीक असेल, तर त्या घरात जन्मभर मी काय काय झाकत बसू?"

सोमनाथने मान खाली घातली. नानांनी फोटो काढला, पण पाठवला नाही. फोन खिशात ठेवत ते म्हणाले, "आधी साकोरवाडीला जाऊन येतो. आनंदाची बातमी फोनवर कळली तर चालते, पण ही त्यांना माझ्या तोंडून कळली पायजे. संध्याकाळच्या आत येतो आन् मग टाकतो. मोडली तरी टाकतो."

घरी जाऊन त्यांनी टोपी घातली आणि स्कूटर काढली. वाटेत त्यांनी नाथाभाऊंशी बोलायची वाक्यं जुळवली. गोड बोलणं हा त्यांचा हातचा मळ; पण त्या दिवशी एकही वाक्य धड जुळेना.

नाथाभाऊंना वाटलं, नाना साखरपुड्याचं ठरवायला आले. बैठकीत गालिचा टाकला, फराळाचं आलं, नवरात्राचे उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी आली. आहेराचं झालं, मांडवाचं झालं, साउंडवाल्याचं झालं. नाना नुसते हूं हूं करत होते. शेवटी घशाशी आलेलं बोलायला धीर यावा म्हणून ते सवयीने उठले.

"जरा पाय धुतो."

"मागं कशाला?" नाथाभाऊ एवढ्या घाईने उठले की त्यांची वाटी कलंडली. "इथंच पुढं नळ हाय की."

नाना थांबले. ही घाई त्यांनी जन्मभर बघितली होती. ते सरळ मागच्या दारी गेले, आणि मागच्या दाराला लागूनच टोमॅटोचं रान होतं. बांबू एका ओळीत. घमेलं लख्ख घासलेलं. पाणी आरशासारखं. आणि घमेल्याशेजारी, जिथे जुनं पाणी ओतलं होतं तिथे, ओल्या मातीला चिकटलेले राखाडी पतंग.

नानांनी मागे वळून बघितलं. टापटिपीचे नाथाभाऊ दारात उभे होते आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते.

"नाना, साखरपुडा होऊ द्या," ते म्हणाले. "तवर थांबा. मग मीच टाकतो फोटो. आता सोमनाथरावांना कळलं तर ते काय म्हणतील?"

नानांना आधी वाटलं आपल्याला भास होतोय. मग त्यांना हसू फुटलं. ते इतकं आलं की त्यांना तिथल्याच टोपल्यावर बसावं लागलं. नाथाभाऊ घाबरून पाणी घेऊन आले. नानांनी डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि सोमनाथच्या घमेल्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला. नाथाभाऊंनी चष्मा लावला, फोटो बघितला, पुन्हा बघितला, आणि मग त्या दोन म्हाताऱ्यांचं हसणं ऐकून घरातली माणसं बाहेर आली.

"आता काय करायचं?" नाथाभाऊंनी विचारलं.

"दोन्ही फोटो बरोबरच टाकू. जोडीनं," नाना म्हणाले.

त्या संध्याकाळी ग्रुपवर दोन घमेली शेजारी शेजारी आली. काय सांगू, जणू लोक वाटच बघत होते. रात्र व्हायच्या आत चिंचदऱ्यातून तीन फोटो आले, शेजारच्या गावातून दोन, आणि एकाने तर घमेल्यासकट स्वतःचा फोटो टाकला. साधना मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या, नमुने घेतले, तपासायला पाठवले. तो तोच पतंग निघाला. पण तो अजून मोजक्या शेतांत होता, आणि मॅडम म्हणाल्या, वेळेत कळलं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी कीड निघालेली सगळी गावं आपापल्या शेतांत उतरली. आपट्याची पानं लुटायच्या आधी टोमॅटोची पोखरलेली पानं लुटली, पिशव्यांत भरली, तोंडं बांधली आणि खड्ड्यात पुरली. योगेश साकोरवाडीचं आटपून, कुणी न बोलावता, सोमनाथच्या शेतात हजर झाला. हर्षाली ज्या ओळीत होती त्याच ओळीत त्याला फार कीड दिसत होती. नाना सगळीकडे टोपी सरळ करत हिंडत होते. घरावरून जाताना ओरडून त्यांनी विचारलं, "आपल्याकडं काय?" आतून आवाज आला, "काय नाय."

दुसऱ्या दिवशी साखरपुडा थाटात झाला. हर्षाली रडली, पण ते वेगळं रडणं. जेवणं झाल्यावर नानांनी दोन्ही व्याह्यांना आग्रह करकरून आपल्या घरी चहाला नेलं. बैठकीत बसून ते रंगात आले होते.

"सगळ्या गावात निघाला," ते म्हणाले, "पण आमच्या रानात नाय. पाहणी करणाऱ्याच्या शेतात यायची त्याची छाती नाय."

लंकाबाई चहा देता देता थांबल्या आणि लगबगीने आत वळल्या. नाथाभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि उठले.

"जरा पाय धुतो," ते म्हणाले.

"मागं कशाला?" आतून लंकाबाईंचा आवाज आला. "पुढं नळ हाय की."

नाना सावकाश उठले आणि नाथाभाऊंच्या मागे गेले. घरामागे घमेलं लख्ख घासलेलं होतं. कढीपत्त्याच्या बुडाशी पाणी ओतून ओतून माती काळी झाली होती, आणि त्या मातीत राखाडी पतंगांचा नुसता सडा पडला होता. ताजे होते, जुने होते, आणि खाली नुसते पंखच उरलेले होते. लोकांच्या मागच्या अंगणात जन्म घालवलेला हा माणूस स्वतःच्या मागच्या अंगणात कधी बघायलाच आला नव्हता.

"कधीपास्नं?" त्यांनी विचारलं.

लंकाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. "पोळ्यापास्नं," त्या म्हणाल्या. "पयलं पान दिसलं तवा वाटलं सांगावं. पण गावभर तुम्ही दुसऱ्याचं बघत फिरता, आन् पयली कीड तुमच्याच घरात निघाली म्हणून लोक तुम्हाला हसतील, ते मला बघवलं नसतं. मी रोज पानं खुडत होते. रोज पाणी बदलत होते. एकटीनं किती व्हावं?"

पोळ्यापासून. म्हणजे सोमनाथच्या कितीतरी आधी. पाहणी सुरू झाली ती ज्या पहिल्या पतंगासाठी, तो सगळ्या गावांत सगळ्यात आधी इथे, नानांच्या पाठीमागे पडला होता आणि त्यांची बायको तो त्यांच्या टोपीसाठी एकटी झाकत होती. नानांना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या बोटांकडे त्यांचं लक्ष गेलं. पानं खुडून ती हिरवी-काळी पडली होती, आणि इतके दिवस ती बोटं रोज त्यांना भाकरी वाढत होती.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठं? ओट्यावरनं ओरडलात."

नाथाभाऊ खाकरून म्हणाले, "मी पुढं बसतो."

पुढचा सोमवार आला. नाना टोपी न घालता घरामागे गेले. लंकाबाईंना त्यांनी आधीच बजावलं होतं, पाण्याला हात लावायचा नाही. दोघांनी मिळून घमेल्यात वाकून बघितलं, नानांनी फोटो काढला आणि सगळ्या गावांच्या आधी ग्रुपवर टाकला: 'चिंचदरा, आमचंच घर.' पाणी चांगलं गढूळ होतं, आणि त्यात एका कडेला वाकलेल्या दोघांच्या डोक्यांची सावली दिसत होती.